निळे बेडूक बारामतीत, खवले मांजर निरवांगीत

निरवांगीच्या फडात सिमेंटच्या पाइपात खवले मांजर अडकलं होतं. अंगभर खवले असलेलं, मुंग्या खाणारं हे जंगली जनावर ऊसतोडीला घाबरून आत शिरलं होतं. मी वन्यप्राण्यांची डॉक्टर. पाइपाशी पोटावर पडले होते, तेवढ्यात वनखात्यातल्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, आधी बारामतीला जा. एका घरात विषारी बेडूक सापडलेत. परदेशी, निळे. पोलीस आत जायला तयार नाहीत."

"पेटीत आहेत ना? मग अंगात विष जवळपास नसणारच. जंगलातले किडे-मुंग्या खाऊन ते विषारी होतात. पाळलेल्यांना तो खुराक मिळत नाही."

"जवळपास म्हणजे? लिहून देता?"

"देते. पण इथं जनावर धापा टाकतंय."

शिवाय गर्दी वाढली होती. खवल्यांना मोठा भाव येतो, ही अफवा सगळीकडं आहे. मोटारसायकलवरचे दोन अनोळखी इसम पुढं आले. "आमी सोडतो की डोंगरात."

शेताचे मालक तात्या मधे उभे राहिले. "तुमी कुठलं? माझ्या रानातलं जनावर हाय. हात लावायचा न्हाय."

माझ्यासोबतच्या वनरक्षकानं गाडीच्या नंबरचा फोटो काढला, तसे दोघं निघून गेले.

"पाइप फोडू का, डॉक्टरीणबाई?" तात्यांनी विचारलं.

"नको. आवाजानंच मरेल."

घाबरलं की ते अंगाचा गोळा करतं. ओढलं तर आणखी आवळतं. आम्ही पाइपाच्या एका तोंडाला ओल्या पोत्यानं झाकलेला पिंजरा लावला, गर्दी मागं हटवली आणि वाट पाहिली. फोन थरथरत राहिला. मी उचलला नाही. खूप वेळानं खवले सिमेंटवर घासल्याचा आवाज आला. ते पिंजऱ्यातल्या अंधाराकडं सरकत होतं.

त्याला वनरक्षकाच्या ताब्यात देऊन बारामती गाठली. तिथं भीतीपोटी कुणीतरी घराची वीजच बंद केली होती. पेटीतला विजेवर टिकणारा गारवा गेला. तीनपैकी दोन बेडूक मेले होते.

साहेब फोनवर म्हणाले, "आधी तिथं गेला असता तर?"

"तिन्ही वाचले असते. खवले मांजर गेलं असतं."

"मग वर काय कळवू?"

"तिकडच्या जंगलात हे बेडूक अजून बऱ्यापैकी आहेत. आपल्याकडं खवले मांजर किती उरलंय, कुणालाच नीट ठाऊक नाही."

उरलेला बेडूक मी ओल्या शेवाळात ठेवून प्राणिसंग्रहालयात पाठवला. खवले मांजर संध्याकाळी डोंगराकडं सोडलं.

तेव्हापासून 'धोका आहे, लवकर या' असा फोन आला की मी आधी विचारते, कुणाला?