दहात एक पोर

पन्नासच्या दशकात मी चांदा जिल्ह्यात हिवतापाच्या खात्यात आकडे मांडायच्या कामावर होतो. वडशाच्या पुढच्या जंगलपट्टीत डीडीटीची फवारणी झालेली होती. आता तिथे दहात एकाहून जास्त पोरांची पानथरी, म्हणजे हिवतापात सुजणारी प्लीहा, वाढलेली नाही, असं वरच्या कचेरीचं म्हणणं. ते टिकलं, तर फवारणी बंद होणार होती.

सगळी पोरं तपासणं शक्य नव्हतं. म्हणून घरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि निघतील त्याच घरांतल्या पोरांची पोटं डॉक्टरांनी चाचपायची. डॉक्टर निवृत्तीला आलेले. पोर आडवं झालं की आधी तळवे चोळून ऊब आणत.

एका गावात एक बाई मुलीला कडेवर घेऊन आली.

"भाऊ, माह्या पोरीले काऊन नाई पाहत?"

"तुमच्या घराची चिठ्ठी निघाली नाही, बाई."

"ताप का चिठ्ठी पाहून येते?"

डॉक्टरांनी मुलीला निजवलं. पानथरी बेंबीपर्यंत उतरली होती. त्यांनी गोळ्या दिल्या. मोजणीत मात्र मी तिला घेतलं नाही. आपणहून आलेली आजारी पोरं मोजत गेलो असतो, तर सगळा नमुनाच एका बाजूला कलला असता. डॉक्टरांना हे ठाऊक होतं.

चांद्याला येऊन हिशेब मांडला. प्रमाण दहात एकाहून जास्त भरलं, पण थोडंच. कचेरीचं म्हणणं खरं धरलं, तरी एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकत होता.

"म्हणजे त्यांचं खरं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. त्यांचं खोटं ठरवायला आपला पुरावा अपुरा पडला. पोरं कमी तपासली."

मी तसंच लिहून मोठी पाहणी मागितली. वर एवढंच वाचलं गेलं की दावा टिकला. फवारणी बंद झाली.

पुढच्या पावसाळ्यात ताप गावोगाव पसरला, तेव्हा मोठी पाहणी मंजूर झाली. या खेपेला फरक एवढा मोठा होता, की योगायोगावर ढकलायची सोयच नव्हती. दावा फेटाळला गेला, पंप पुन्हा निघाले.

त्याच पाहणीत ती बाई बांधीत धान कापताना दिसली. आम्हाला पाहून उभी राहिली. मुलगी जवळपास नव्हती.

"पोळ्याच्या मांगं गेली," ती म्हणाली आणि पुन्हा वाकून कापू लागली.

डॉक्टर शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने उठले, आणि आम्ही गावात शिरलो. तिथे चिठ्ठी निघालेल्या घरांतली पोरं रांगेत उभी केलेली होती.