मामाच्या चढणीसाठी मागे बसवलेला टर्बो

मामाचं घर सुर्ल्याजवळ एका टेकाडावर आहे. आमची छोटी गाडी पेडण्याहून तिथवर निमूट जाते, फक्त शेवटच्या चढणीला मान टाकते. त्यामुळे पायथ्याच्या आंब्याखाली गाडी मंदावली की चालवणारा दादा सोडून आम्ही सगळ्यांनी उतरायचं, हा आमच्या घरचा रिवाज. गणपतीच्या चवथीला मामाकडे आरतीला जायचं म्हणजे नेवऱ्यांचा, करंज्यांचा डबा गाडीतून आणि माणसं पायी. आई तर गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडायची.

आईचा आवाज खणखणीत. लग्नाआधी मामाच्या घरची आरती तीच धरायची म्हणे. पण अलीकडे तिचे गुडघे कुरकुरायला लागले. धापा टाकत वर पोचायची आणि खांबाला टेकून नुसत्या टाळ्या वाजवायची. गेल्या चवथीला तर चढणच जमेना. "तू बस, आम्ही उतरतो," असं आम्ही परोपरीने सांगितलं. एकट्या आईला घेऊन गाडी चढलीही असती.

"सगळे चलतले आणि मी एकटीच बसान जाव? बरा दिसता काय ता?" ती म्हणाली.

मामाच्या दुचाकीवर बसायला ती घाबरते. शेवटी आंब्याखालीच बसून राहिली आणि वरची आरती तिने खालून ऐकली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. परतताना दादा आरशातून सारखा आईकडे बघत होता.

दादा खनिजाच्या ट्रकांचा मेकॅनिक. भाड्याची मोठी गाडी करू असं म्हटलं की त्याला अपमान वाटतो, आणि नवी घ्यायची म्हटलं तर जुनीवर जीव. विसर्जन झालं आणि हा पठ्ठ्या भंगारातून एका डिझेल गाडीचा टर्बो घेऊन आला. बाबा म्हणाले, "चवथ झाली नि आता टर्बो. वरातीमागून घोडं!"

"फुडल्या वर्साक चवथ येवची नाय काय?" दादा म्हणाला.

बॉनेटखाली बोट शिरायला जागा नव्हती. म्हणून त्याने टर्बो थेट मागे बसवायचं ठरवलं, डिकीखाली, सायलेन्सर होता तिथे. इंजिनाचा धूर मागे येऊन टर्बोचं चाक फिरवणार, ते चाक बाहेरची हवा ओढून दाबणार, आणि ती हवा गाडीच्या पोटाखालून नळीतून पुन्हा पुढे इंजिनात जाणार. जास्त हवा, जास्त जोर. हे त्याने मला, वहिनीला, पोस्टमनला आणि नारळ पाडायला आलेल्या माणसालाही समजावून सांगितलं.

"म्हणजे घास शेपटीकडून भरवायचा," वहिनी म्हणाली.

"मागे बसवलो म्हणान काय झाला? वारो फुडेच जातलो."

वारा पुढे जाईपर्यंत पाऊस सुरू झाला. तेलाची नळी गळायची, तेल परत पुढे इंजिनात न्यायला छोटा पंप लावावा लागला. लाल चिखल आत जाऊ नये म्हणून हवेचा फिल्टर डिकीत वर चढवला. पहिल्या फेरीला डिकी अशी तापली की वहिनीने बाजारातून आणलेलं लोणी वितळलं. मग धग अडवायला मध्ये आमच्या चुलीजवळचा पत्रा आला. वहिनीने दादाला चुलीजवळची रिकामी जागा दाखवत बरंच काही ऐकवलं, पण पत्रा कापताना दुसरं टोक तिनेच धरलं होतं.

यंदाच्या चवथीला आम्ही निघालो. आई मागे, दाराशी. वाटेत दादा सांगत होता की हवेला लांबून यायचं असतं, तेव्हा चढणीला गाडी आधी थोडी अडेल आणि मग धावेल. आईचं लक्ष नेवऱ्यांच्या डब्यावर होतं. आंबा आला. गाडी सवयीप्रमाणे मंदावली, थबकली. मागून बारीक शिटी सुरू झाली, आणि गाडी जी सुटली ती एका दमात मामाच्या अंगणात. बाबांनी चक्क टाळी वाजवली. मी आईकडे वळले, तर तिच्या जागी डबा आणि दार नुसतं लोटलेलं.

ती खाली आंब्याशी उभी होती. दादा गाडी घेऊन तिला आणायला गेला, मीही बसले.

"गाडी दमली, म्हणान उतरलंय," आई म्हणाली. मग हळूच विचारलं, "सगळ्यांक घेवन चडली?"

"चडली."

"माका दिसूंक नाय."

आता आईला काय सांगायचं? आम्हा दोघींना तिथेच ठेवून दादाने वर जाऊन बाबांना नि वहिनीला परत गाडीत घातलं आणि खाली आणलं. मामा अंगणातून हाका मारत होता, आरती खोळंबली होती. गाडी पुन्हा आंब्याखाली थबकली. आईचा हात दाराकडे गेला. मी त्यावर हात ठेवला आणि घट्ट धरला. शिटी वाजली, आम्ही सगळे मागे रेललो, आणि चढण संपेपर्यंत आई एकेकाचं तोंड बघत होती, सगळे आहेत ना म्हणून.

अंगणात उतरून ती थेट देवापुढे गेली. आरती तिने धरली. मामाने आपला आवाज खाली घेतला. दादा ओसरीच्या कडेला तेलकट हातांनी टाळ्या वाजवत होता.

आरती झाल्यावर तिने त्याच्या हातावर नेवरी ठेवली.

"आज दम उरलो रे," ती म्हणाली.

वर्षभर गावाला टर्बो समजावणाऱ्या दादाने अख्खी नेवरी एकदम तोंडात घातली.