रुमालाचा कोरा कोपरा

वडील गेल्यावर कोठीत त्यांनी जपलेल्या गव्हाच्या बियाण्याचं गाठोडं सापडलं. माजलगावजवळ एका शेतात गव्हाचे वाण तांबेरा रोगापुढे टिकतात का ते तपासतात, म्हणून मूठभर बी तिथल्या माणसाला पेरायला दिलं.

शेताच्या कडेनं त्यानं मुद्दाम लवकर रोग धरणारा गहू पेरला होता. त्यावर तांबेरा पडला तसा तो पाहुणे आल्यासारखा खूश झाला. "ह्यो आजारी पडल्याबिगर बाकीच्यांची परीक्षा कशी व्हायची, सर?"

मग एकेका ओळीच्या पानांवरून तो पांढरा रुमाल फिरवू लागला. तांबेऱ्याच्या भुकटीनं रुमाल विटकरी होत गेला. वडिलांच्या बियाण्याच्या ओळीपाशी पोचेपर्यंत एकच कोपरा कोरा उरला होता. मी तोंड फिरवलं.

"सर, बघा की इकडं!"

त्या ओळीवरून फिरवूनही कोपरा पांढराच होता.

"औंदा तरी टिकला. वडील लई कडक असतील तुमचे."

"नाही हो, फार मऊ होते."

"मग समदा कडकपणा गव्हातच घातला की!"

मी हसलो. वहीत वाणाच्या नावाच्या जागी त्यानं मला विचारून माझ्या वडिलांचं नाव लिहिलं. त्याचं स्वतःचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.