न तडकलेले टोमॅटो

पहाटेच्या पावसात शेजारच्या सुमनचे सगळे टोमॅटो तडकले. कुंपणापलीकडून ती ओरडली, “काकू, तुमचेही गेले असणार!”

मी पदर खोचून माझ्या वाफ्यात शिरले. आठवडाभर आभाळ नुसतं भरून येत होतं. पाऊस येणारच म्हणून सुमनने झाडांना पाणी घालणं बंद केलं. मी मात्र रोज थोडं घालत होते, ओल टिकावी म्हणून बुडाशी उसाचं पाचटही पसरलं होतं. तेव्हा ती हसली होती, “भरल्या आभाळाखाली पाणी? चळ लागलाय का, काकू?”

तहानलेल्या झाडाला एकदम पाणी मिळालं की फळ आतून फुगतं आणि साल फाटते. उपाशी माणसाला पंगतीत बसवा, त्याचंही पोट बिघडतं.

मी एकेक फळ उलटून पाहिलं.

“सुमन, ये, बघून जा!”

माझं एकही फुटलं नव्हतं.