बाबांची माडी आणि आईचे टोप

माझे बाबा आयुष्यात एकच निवडणूक लढले, आणि ती माझ्या मतामुळे हरले.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. रडून झालंय. आज मला ही निवडणूक सांगायची आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही कुवेतला, बनेद अल-गारमध्ये दोन खोल्यांत राहायचो. बाबा सुतार. जुने कॅरॅव्हॅन दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजमध्ये आतलं लाकूडकाम करायचे.

खालच्या मजल्यावर त्यांची जुनी बॅचलर रूम होती. गणूकाका प्लंबर आणि आणखी चौघं, सगळे आमच्याच गावाकडचे. दर शुक्रवारी आईच्या हातचं जेवायला वर यायचे.

थंडीत अख्खं कुवेत वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातं. बाबा दुसऱ्यांचे कॅरॅव्हॅन सजवून द्यायचे. आम्ही कधी गेलो नव्हतो.

त्या वर्षी त्यांचा मालक, म्हणजे अरबाब, म्हणाला, "उस्ताद, यार्ड में दो पुराना खड़ा है. एक ठीक करो, शिता में फॅमिली लेके जाओ." शिता म्हणजे हिवाळा. पिकअपही देतो म्हणाला.

दोनातला एक होता फिफ्थ-व्हील. तो पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या कपलिंगला अडकतो. त्याचा पुढचा भाग पिकअपवर चढलेला असतो, आणि तिथे उंचावर बेडरूम. आतून तीन पायऱ्या.

दुसरा साधा ट्रॅव्हल ट्रेलर. मागच्या हुकाला लावायचा आणि ओढायचा. सगळं एकाच पातळीवर.

बाबा घरी आले तेच फिफ्थ-व्हील ठरवून.

"गो, तीन पायरे आसत आत. चढून वर जावचा आनि निजाचा. आमच्या वाडीत माडी कोणाक आसा, सांग?"

"खोताक," आई म्हणाली.

"मगे?"

लग्नात बाबांनी आईला माडीचं घर कबूल केलं होतं. गावाला अजून तीनच भिंती उभ्या होत्या. चाकांवरची का होईना, त्यांना तिला माडी द्यायची होती.

आई पीठ मळत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आनि टोप खंय ठेवूचे?"

हौद्यात कपलिंग बसलं की हौदा संपला. मोठे टोप, वड्यांची कढई, पाण्याचे कॅन, सोबत येणाऱ्या पाच काकांच्या गाद्या, काहीच मावणार नव्हतं.

"आपण तिघांनीच जावया," बाबा हळूच म्हणाले.

गणूकाका दारातच उभे होते. "घे रे सख्या, माडी घे. आमी खाली उपाशी ऱ्हवतंव."

सगळे हसले. बाबा नाही हसले.

मी सातवीत होते. नागरिकशास्त्र माझा सर्वांत आवडता विषय. मी उठून म्हणाले, "लेट्स व्होट."

बाबा फिफ्थ-व्हील. आई ट्रॅव्हल ट्रेलर. काकांना मत नाही, कारण ते उमेदवारांच्या घरी जेवतात, असं आई म्हणाली.

उरले मी.

मलाही वरच्या बेडरूममध्ये झोपायचं होतं. अगदी मनापासून. पण पाच माणसांना मागे ठेवून आपण तिघं माडीवर बसलोय, हे चित्र काही केल्या मला आवडेना.

मी हात वर केला. ट्रॅव्हल ट्रेलर.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झाला. लोकशाही आसा आमच्या घरात."

पुढे कित्येक दिवस ते ड्यूटी संपल्यावर यार्डातच थांबायचे. आम्हाला ट्रेलर बघायला बंदी.

फेब्रुवारीच्या सुट्टीत निघालो. हौद्यात टोप, कढई, गाद्या, शर्कच्या बाजारातली सुरमई. मागे ट्रेलर. त्याच्याही मागे काका लोक, उसन्या आणलेल्या एका गाडीत, हॉर्न वाजवत.

जहराच्या पुढे मोकळ्या वाळूत थांबलो. बाबांनी ट्रेलरचं दार उघडलं.

आत, शेवटच्या भिंतीशी, प्लायवूडच्या तीन पायऱ्या. बाजूला पॉलिश केलेला कठडा. वर, खिडकीला लागून, बिछाना.

"चढ," बाबा आईला म्हणाले.

आईने साडीचा काठ धरला. एक, दोन, तीन. टक्. डोकं छताला.

बसायलासुद्धा जागा नव्हती. रांगत आत जावं लागत होतं. आई रांगत गेली, आडवी झाली आणि वरून म्हणाली, "ही माडी नाय हो. हो माळो आसा."

गणूकाका हसता हसता वाळूत बसले.

आई खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "खोत खंय दिसना नाय."

तेव्हा बाबा हसले. मी त्यांना इतकं हसताना पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी सुरमईचं सार आणि वडे. काकांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. टोप रिकामे झाल्यावर आई बाबांना म्हणाली, "सगळे जेवले. आता तुमी वर जावन पडा."

सीझन संपल्यावर अरबाबने ट्रेलर विकला. बाबांनी तीन पायऱ्या सोडवून घेतल्या आणि कार्गोने गावाला पाठवल्या. कार्गोवाला म्हणाला होता, एवढं प्लायवूड गावात मिळत नाही का?

गावचं घर पुढे पुरं झालं. माडीसकट. हात वर केला तरी छत लागत नाही. जिना फणसाचा, फक्त खालच्या तीन पायऱ्या प्लायवूडच्या.

बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा बाबांनी मला तिसऱ्या पायरीवर उभं करून फोटो काढला. "घरातली पयली ग्रॅज्युएट. वर उभी ऱ्हव." सोबत लावलाय तो हाच फोटो. कडेला त्यांचा अंगठा आलाय.

आज वर्षश्राद्धाला गणूकाका आले होते. बाकीचे चौघंही. आईने कुवेतचेच टोप काढले. अख्खी वाडी जेवली.

भांडी घासून झाल्यावर आई जिन्यापाशी गेली. पहिल्या पायरीवर हात ठेवून तिने जे म्हटलं, तेच मीही म्हणते.

बाबा, सगळे जेवले. आता तुम्ही वर जाऊन पडा.