अंगावर काढलेले बावीस दिवस

“खुर्चीतून उठू नका,” नांदेडचे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातात माझा एमआरआय होता. “तुम्ही बाहेरून चालत आलात?”

मी हो म्हटलं, तशी त्यांनी व्हीलचेअर मागवली. ‘फेमोरल नेक स्ट्रेस फ्रॅक्चर’. म्हणजे मांडीचं हाड खुब्याला मिळतं त्या जागी ताण पडून पडून गेलेला तडा. हाड अजून सरकलं नव्हतं. सरकलं तर खुबाच बदलावा लागेल, अशी भीती होती.

“आता हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. किती दिवस दुखतंय?”

शेजारी नवरा उभा होता. “चार दिवस,” मी म्हणाले. खोटं होतं ते. बावीस दिवस झाले होते.

मी वसमतजवळ हट्ट्याला शाळेत शिकवते. चाळिशी उलटल्यावर कालव्याच्या रस्त्यानं पळायला लागले आणि पाठोपाठ पळण्यावरची पुस्तकं वाचायचा नाद लागला. खरं सांगते, पळण्यापेक्षा वाचण्यातच मला गोडी जास्त. कुणी बर्फात पळतंय, कुणी डोंगर चढतंय, आणि मी अंगणात पाय उन्हात सोडून बसलेय. वाचता वाचता पोटऱ्या आपोआप ताठ व्हायच्या. दुखण्याला न जुमानता पुढं गेलेल्या माणसांची पानं पेन्सिलीच्या रेघांनी भरलेली असायची. दुखापतीचं प्रकरणही प्रत्येक पुस्तकात असायचं. ते मात्र मी पंगतीतल्या कारल्यासारखं बाजूला सारायची.

त्यामुळं जांघेत दुखायला लागलं तेव्हा मला थोडा अभिमानच वाटला. आता आपणही त्या माणसांतल्या झालो, असं. घरी बोलले नाही. ‘या वयात कशाला पळायचं’ हे वाक्य तिथं तयारच होतं.

अठराव्या दिवशी लंगडणं लपेना. सासूबाई म्हणाल्या, उसण भरली. आमच्याकडं उसण भरली की पायाळू माणूस गाठतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते म्हणतात. आमच्या शेजारच्या, शेळ्या राखणाऱ्या धुरपताबाई पायाळू. गावात त्यांच्या पायाला मान. त्यांनी मला पालथं झोपवलं, कमरेखाली टाच टेकवली आणि विचारलं, “कधीपासून हाय, बाई?”

“कालपासून.”

त्यांनी तीनदा टाच दाबली. त्यानंतर चौथ्या दिवशी पाय उचलेना. वसमतला काढलेला एक्स-रे साफ आला, तरी तिथल्या डॉक्टरांना शंका होती, म्हणून आम्ही नांदेड गाठलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. कूस बदलायची चोरी. स्ट्रेचर उंबऱ्यावर आदळलं की मी डोळे गच्च मिटायची. आता सरकलं का, आता सरकलं का, एवढंच डोक्यात.

तोवर गावात सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की धुरपतानं पाय लावला आणि सुनेचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टर मला तपासत होते आणि वॉर्डाच्या दारात धुरपताबाई येऊन उभ्या राहिल्या. एसटीनं एकट्या आल्या होत्या. आत येईनात.

“डाक्टरसाहेब, माझ्याच पायानं मोडलं व्हय?”

मी गप्प राहिले असते तरी कुणाला कळलं नसतं.

“डॉक्टर, बावीस दिवस दुखत होतं,” मी म्हणाले. “मी त्यावर पळत होते.”

डॉक्टरांनी केसपेपरवरचा ‘चार’ खोडून ‘बावीस’ लिहिलं. मग धुरपताबाईंकडं वळून म्हणाले, “तडा तुमच्या पायाच्या आधीचा आहे, मावशी. पण अशा हाडावर टाच दाबणं धोक्याचंच. सरकलं असतं.”

नवरा खिडकीतून बाहेर बघत राहिला. धुरपताबाई माझ्याकडं बघत होत्या. “मंग मला कालपासून हाय म्हून काहून सांगितलं, बाई?”



दुपारी ऑपरेशनमध्ये हाडात तीन स्क्रू बसले. पुढं कित्येक आठवडे वॉकर आणि एकच पाय. प्रत्येक एक्स-रेला ‘एव्हीएन’ची धास्ती. म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजत जाणं. त्या दिवसांत मी गाळलेली प्रकरणं वाचली. जांघेत दुखतं, लंगडायला होतं, ताबडतोब थांबा. सगळं लिहिलेलं होतं. स्वतःचाच इतका राग आला की पुस्तक मिटून ठेवलं.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “हाड भरलंय. चाला. पळण्याचं पुढं बघू.” त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणाला असं दुखत असेल तर एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त राहू नका. विचारतील तेव्हा दिवस खरे सांगा.

मी पुन्हा वाचायला लागलेय, तितक्याच आवडीनं. परवा अंगणात अशीच वाचत बसले होते. भिंतीपलीकडं कुणीतरी उसण घेऊन धुरपताबाईंकडं आलं होतं.

“पाय मागून लावते,” त्यांचा आवाज आला. “आधी खरं सांग, किती दिस झाले? आमच्या बाईवानी करू नको.”

तो माणूस जरा थांबून म्हणाला, “पंधरा.”

“मंग माझ्याकडं काहून आला? दवाखान्यात जाय.”