गाळाचं परतीचं तिकीट

गुप्ते मॅडमनी माझ्यादेखत चिखल चावला, तो माझ्या नोकरीचा पहिला दिवस. पनवेलच्या खाडीला ओहोटी लागली होती. मी गुडघाभर गाळात माझी रुतलेली चप्पल शोधत होते, आणि पन्नाशी उलटलेल्या, डॉक्टरेट केलेल्या या बाईंनी चिमूटभर गाळ उचलून चक्क पुढच्या दातांत धरला. दोनदा चावला, थुंकून टाकला आणि म्हणाल्या, "लोणी आहे लोणी! जरा म्हणून करकरत नाही. हा इथला नव्हेच." मी मनात म्हटलं, झालं! पहिलीच नोकरी आणि पहिलीच मॅडम अशी.

यात वेडेपणा काही नव्हता, ते मागाहून कळलं. रेतीचा कण दाताला करकरतो, बारीक गाळ विरघळल्यासारखा लागतो. प्रयोगशाळेतलं यंत्र हेच सांगतं, पण नंबर लागला की. "माझ्या दातांपुढे रांग नसते," मॅडम म्हणायच्या आणि दरवेळी एक चिमूट माझ्यापुढे धरायच्या. "घे गं, चाख." मी नाही म्हणजे नाहीच म्हणायचे. आम्ही काही सोवळ्यातले नाही, पण म्हणून काय चिखल खायचा?

किनाऱ्यावरचा गाळ येतो कुठून आणि जातो कुठे, या एका प्रश्नापायी बाईंची सगळी नोकरी खर्ची पडली. खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा आहे. तिथला धक्का दरवर्षी गाळाने भरायचा आणि ओहोटीला होड्या चिखलात बसायच्या. गाळ उपसून बाहेर समुद्रात टाकायचे, पुढल्या वर्षी पुन्हा तेच. मॅडमचं म्हणणं, टाकायची जागाच चुकली आहे, भरती तोच गाळ उचलून आत आणते. "अगं, गाळ म्हणजे जावई. निरोप दिला तरी अधिक महिन्याचं वाण घ्यायला परत हजर!"

हे त्यांनी गाळ कुठे टाकायचा ते ठरवणाऱ्या समितीपुढे मांडलं, तेव्हा एक साहेब हसून म्हणाले, "मॅडम, गाळ काही परतीचं तिकीट काढून जात नाही. पुरावा आणा." मॅडम बाहेर आल्या त्या रागाने लालबुंद होऊन. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तेवढ्यात पुरावा मिळाला नाही तर गाळ तिथेच पडत राहणार आणि कोळीवाड्याचा धक्का बुजणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

मग आम्ही गाळासारख्याच बारीक कणांना नारिंगी रंग दिला. रंग बिनविषारी, निळ्या दिव्याखाली चमकणारा. ते कण गाळ टाकायच्या जागी सोडले आणि खाडीभर बाटल्या घेऊन शोधत सुटलो. आठवडे गेले, महिने गेले, एक कण सापडेना. माझं डोकं फिरलं. "मॅडम, समुद्रात चिमूटभर कुंकू टाकून शोधतोय आपण!" त्या शांतपणे म्हणाल्या, "शोधतोय ना? मग कुरकुर कशाला?" पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

त्याच आठवड्यात मी पनवेलच्या बाजारातून, हिराबाईंकडून तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, आणल्या. हिराबाई त्याच कोळीवाड्यातल्या. आईने तिसऱ्या रेती सोडण्यासाठी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या आणि सकाळी ओरडली, "काय गं, यात हळद कुणी टाकली?" पातेल्याच्या तळाशी पिवळट-नारिंगी साका होता. मला कामाची घाई. मी तो मोरीत ओतला आणि ऑफिसात ही गंमत सांगितली.

मॅडमचा चहाचा कप तिथेच थांबला. "ओतलंस?"

एवढंच म्हणाल्या. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला! अहो, जे शोधायला मी महिनोन्‌महिने उन्हात करपले, ते स्वतःच्या हाताने मोरीत घातलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी निळा दिवा पर्समध्ये कोंबला आणि आम्ही जीप काढून थेट कोळीवाडा गाठला.

हिराबाई दारातच कंबरेवर हात ठेवून उभ्या. "या बाय, या! कसला रंग टाकला तुमी पान्यात? माज्या तिसऱ्या हलद वकतान! गिराईक बोलतंय रोग हाय. रोग नाय, तुमी हाव!"

"भांडा, पण नंतर. आधी सांगा, या काढल्या कुठे?"

"कुटं म्हंजे? धक्क्याच्या आतल्या अंगाला. आनी कुटं?"

मॅडमनी खिडकीवर गोधडी टाकायला लावली आणि तिसऱ्यांच्या परातीवर निळा दिवा धरला. तळाशी नारिंगी ठिपके पेटले. एक, दोन, दहा, परातभर! मॅडमनी हिराबाईंना मिठीच मारली. "आला! आला हो घरी!"

"कोन आला?"

"जावई!"

हिराबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाय बरी हाय ना तुजी?" मी हसत होते की रडत होते, आता आठवत नाही. मॅडम परातीपुढे बसून तिसऱ्यांना हात जोडत होत्या. "आपण पाण्यामागे धावलो, आणि या एका जागी बसून पाणी गाळत होत्या!"

समितीत मॅडमनी दिवे घालवले, साहेबांसमोर तिसऱ्यांच्या साक्याची वाटी ठेवली, निळा दिवा लावला. "घ्या साहेब. परतीचं तिकीट." जागा बदलायचं त्याच दिवशी ठरलं. पण धक्का खरंच मोकळा राहतो का, ते कळायच्या आत मॅडम निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला गेल्या. दर फोनवर पहिला प्रश्न, "धक्का काय म्हणतोय?"

परवा ऐन ओहोटीला मी धक्क्यावर उतरले. हिराबाईंची होडी पाण्यावर डुलत होती! मी आणलेली बाटली भरली आणि भरता भरता थांबले. कोण धीर धरणार प्रयोगशाळेत नंबर लागेपर्यंत? तळातली चिमूट उचलली, डोळे मिटले आणि दातांत धरली. तसाच फोन लावला.

"मॅडम, करकरतंय! रेती आहे, नुसती रेती! गाळ परत आलेलाच नाही!"

पलीकडून धक्का नाही, होडी नाही, समिती नाही. एकच प्रश्न आला, "चाखलंस?"

"हो," मी म्हटलं. "आणि अजून थुंकले नाहीये."